काकूंकडे गेलेली कढई

शनिवारी सकाळी ॲम्ब्रोज अबू धाबीतल्या व्हिलामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला आणि कोपऱ्यातली कढई दिसली नाही, तेव्हा आधी त्याला रागच आला. नवऱ्याच्या वस्तू हलवण्यात डॉलीचा हात कुणी धरू शकलं नसतं.

"आईची ती लोखंडी कढई कुठंय गं?" त्याने अंगणातूनच हाक दिली.

"अनुराधाकाकूंना दिली," डॉली आतून म्हणाली. "झाला की आठवडा. वैभवीचं हिमोग्लोबिन लो आलंय ना, सातव्या महिन्यात. काकू म्हणाल्या, लोखंडाच्या कढईत शिजवलं की सुनेच्या अंगी लागेल. आणि काय चकचकीत केली होतीस रे! मला तर ओळखूच आली नाही."

ॲम्ब्रोजच्या पाचावर धारण बसली. कढई त्याने चकचकीत केली होती, कारण तिच्यात त्याने शिसं वितळवलं होतं.

वसईच्या या गड्याला गळाने मासे गरवायचं भारी वेड. अबू धाबीला नोकरी लागली तरी सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन समुद्र गाठायचा, आणि गळाची शिशाची वजनं खडकांत अडकवून हात हलवत परत यायचा. वजनं विकत आणून आणून कंटाळला तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, आपण घरीच ओतली तर? गाववाला नेल्सन शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गॅरेजमध्ये होता. त्याने टायरच्या बॅलन्सिंगचं जुनं शिसं पिशवी भरून दिलं. साचा ऑनलाइन आला.

शिकवायला मात्र कुणी नव्हतं. फोनवर जे व्हिडिओ सापडले ते सगळे अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांचे, घरी बसून बंदुकीच्या गोळ्या ओतणाऱ्यांचे. पण रीत तीच. शिसं ठणठणीत कोरडं हवं, पाण्याचा थेंब जरी पडला तरी तापलेलं शिसं तोंडावर उडतं. वरची मळी काढायची, साचा आधी तापवायचा, मग बेताने ओतायचं. आणि एक गोष्ट प्रत्येक म्हातारा बजावून सांगायचा, शिसं वितळवलेल्या भांड्यात पुन्हा अन्न शिजवू नका. ॲम्ब्रोजने त्यावर शहाण्यासारखी मान डोलावली होती. डॉलीला नॉनस्टिकशिवाय काही चालत नसे, आईची कढई नुसती पडून होती. तिला कोण हात लावतंय?

पहिली वजनं इतकी सुबक निघाली की तो लहान पोरासारखा हरखला. मग त्याने ती तळहातावर घेऊन नीट पाहिली. एका टोकाला निमुळती, चकाकणारी, थेट बंदुकीची गोळी. आपल्या फोनमध्ये काय काय पाहिलंय हेही त्याला आठवलं. या देशात कुणी शेजाऱ्याने बोट दाखवलं तर 'हबीबी, मासे पकडतो' हे पोलिसाला पटवायचं कसं? चोराच्या मनात चांदणं. वजनं डब्यात गेली, डबा गाडीत गेला, आणि कढई त्याने वाळूने घासघासून लख्ख केली. कढई घासली की सगळं मिटलं, असं त्याला वाटलं होतं.

अंगण एकच, पलीकडचं दार काकूंचं. तो गेला तेव्हा दोघी जेवायला बसल्या होत्या. मुलगा सुजीत महिनाभर ऑफशोअर ड्यूटीवर होता, त्यामुळे सासू-सून दोघीच. कढई टेबलावरच होती आणि तिच्यात अळूची भाजी, चिंचगूळ घातलेली.

"काकू, ती कढई... मला जरा हवी होती. तुम्हाला मी नवी आणून देतो."

"नवीला या जुनीची सर यायची का?" काकू हसल्या. "बाळंतपण होईपर्यंत मी काही देत नाही, सांगून ठेवते. ये, बस, दोन घास खा."

"नको काकू. पोट जरा बिघडलंय."

वैभवी हसून म्हणाली, "दादा, बघा ना, आई किती भरवतात. ढोल झालाय माझा." आणि तिने पुन्हा डाव भरून भाजी वाढून घेतली.

तो उंबऱ्यात उभा राहून ती खात असलेली पाहत राहिला. सांगायचं तर सगळं सांगावं लागणार, शिसं, साचा, गोळ्यांसारखी ती वजनं. काकू घाबरून सुजीतला फोन करतील, सुजीत आणखी कुणाला. नोकरी, व्हिसा, लेकीची, कॅमिलाची शाळा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे गरगरलं. एवढ्याशाने काय होणार, घासली होती की आपण, असं स्वतःला समजावत तो घरी आला. मग बाथरूममध्ये दार लावून त्याने फोनवर वाचलं. शिसं आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचतं. चिंचेसारख्या आंबटात जास्त उतरतं. त्याने फोन बंद केला, पण वाचलेलं काही बंद होईना. रविवारी चर्चमध्ये मिसाच्या वेळी तो गुडघे टेकून बसला आणि देवाला सांगायला तोंड उघडेना. आधी शेजारणीला सांग, असंच देव म्हणाला असता.

सोमवारी कामावरून आला तर टेबलावर स्टीलचा डबा.

"काकूंनी नाचणीचे लाडू दिलेत," डॉली म्हणाली. "त्या कढईत नाचणी भाजून वैभवीसाठी केले, त्यातले आपल्यालाही."

कॅमिलाने लाडू उचलला होता. सहा वर्षांची पोर, तोंड उघडलेलंच होतं. ॲम्ब्रोजने तिच्या हातावर असा फटका मारला की लाडू फुटून फरशीभर झाला.

"डॅडी! व्हाय डिड यू हिट मी?" कॅमिला रडायला लागली.

"खाल्लास का? आधी खाल्लास का एखादा? सांग!" तो तिचं तोंड उघडून बघत होता.

"नो!"

नवऱ्याचा चेहरा डॉलीने असा कधी पाहिला नव्हता. "काय आहे त्या लाडवात?" तिने विचारलं. त्याने सांगितलं, सगळं, एका दमात. पोलिसांची भीती, व्हिसा, सगळं.

डॉलीने पोरीला कडेवर घेतलं. "आपल्या पोरीच्या हातातला पाडलास," ती म्हणाली. "वैभवीच्या हातातला कोण पाडणार?"

तो अनवाणीच अंगण ओलांडून गेला. काकूंच्या गॅसवर कढई होती. त्याने आधी गॅस बंद केला आणि मग सांगितलं. "मीच भरवलं," एवढंच काकू पुटपुटत राहिल्या. "नको नको म्हणायची पोर. मीच भरवलं."

"रक्त तपासता येतं, काकू. गाडी काढतो, आत्ता हॉस्पिटलला जाऊ. मी सांगेन डॉक्टरांना, काय होतं ते. सगळं मी सांगेन."

वैभवी भिंतीला धरून उभी होती, दुसरा हात पोटावर. पोलिसांचं, गोळ्यांचं तिने काहीच विचारलं नाही.

"दादा, तुम्हाला कधी कळलं?"

'आज' हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता. पण ती त्याच्याकडे बघत होती आणि बघता बघता तिला आठवलं.

"शनिवारी तुमचं पोट बिघडलं होतं," वैभवी म्हणाली. "आणि मी तुमच्यासमोर पुन्हा वाढून घेतलं."