चॅम्पियनचा उजवा

"यानंच मला पाडलं होतं," आरशाकडे बोट दाखवून चॅम्पियन म्हणाला आणि फेसाचा ब्रश त्याच्या गालावरच थांबला.

सलूनच्या बाकावर बसलेली सगळी डोकी वर झाली. त्यांतलं एक सलूनवाल्याच्या जावयाचं. सासऱ्याकडे केस फुकट कापून मिळतात म्हणून जावई यायचे आणि फुकटच्या कामाला जेवढा मान द्यावा तेवढाच सासऱ्याला द्यायचे.

"काय सांगता!" जावयांनी मोबाइल मांडीवर पालथा घातला. बायको बोलत असतानासुद्धा त्यांनी तो कधी पालथा घातला नव्हता. "बाबा, तुम्ही यांना पाडलंत? चॅम्पियनला?"

सलूनवाला डावऱ्या ब्रश वाटीतल्या फेसात घोळवू लागला. हे नाव बॉक्सिंगच्या रिंगणातलं. वस्तराही तो डाव्याच हाताने धरतो. खोटं बोलायची गरज नव्हती, नुसतं गप्प राहायचं होतं.

खरं म्हणजे पट्ट्यासाठी तो एकदाच चॅम्पियनसमोर उभा राहिला आणि दुसऱ्याच फेरीत आडवा झाला. चॅम्पियनने पुढे कित्येक वर्षं पट्टा राखला, दुकानांच्या फिती कापल्या. पट्टा गेल्यावरही तो लढत राहिला. आधी मोठ्या सभागृहांत, मग लहान, मग बोलावतील तिथे. डोक्यात ठोसे जमा होत गेले आणि बाकीचं खर्ची पडत गेलं. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते, आता निकाल.

डावऱ्याचं सगळं भांडवल ती एक हार. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी 'चॅम्पियनशी लढलोय' एवढंच त्याने व्याह्यांना सांगितलं होतं. निकाल त्यांनी विचारला नाही, याने काढला नाही.

चॅम्पियनला दर आठवड्याला दाढीला घेऊन येणारी त्याची बहीण दाराशी बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं. तिने एकदा डावऱ्याकडे पाहिलं आणि पिशवीचे बंद उगाचच सारखे केले.

"त्याच दिवसापासून मी उतरणीला लागलो, नाही का रे?" चॅम्पियनने हळूच विचारलं. अंगावरच्या कापडाखाली त्याची बोटं मूठ वळायला बघत होती. मूठ काही होत नव्हती.

डावऱ्याने आरशातून जावयांकडे पाहिलं. ते अजून कौतुकाने बघत होते. असं कौतुक रोज कुठे मिळतं?

"उलटं सांगताय, चॅम्पियन," तो म्हणाला. "तुम्ही मला पाडलंत. दुसऱ्या फेरीत."

"मी?"

"तुम्हीच."

"तू उठला असशील की लगेच."

"कुठला उठतोय! उचलून नेलं मला."

बाक हसला. जावयांनी मोबाइल सुलटा केला.

चॅम्पियन विचारात पडला. "फार लागलं का रे?"

"छे हो! केव्हाच विसरलो."

चॅम्पियनचा चेहरा उतरला. "म्हणजे ठोसा नीट बसलाच नसणार."

डावऱ्याने ब्रश खाली ठेवला. कापडाखालचा चॅम्पियनचा हात बाहेर काढून त्याची बोटं त्याने आपल्या कानाखाली टेकवली, वाकून तोंड मोठं उघडलं आणि मिटलं.

कट्.

आवाज बाकापर्यंत गेला. जावयांच्या ओळखीचाच होता तो. सासरे जेवायला बसले की 'घड्याळ सुरू झालं' म्हणून ते बायकोला कोपर मारत. जबडा सायकलवरून पडल्यामुळे वाजतो, असं घरात सगळ्यांना सांगितलेलं होतं.

"हा तुमचा," डावऱ्या म्हणाला. "अजून डाव्या बाजूनं घास चावता येत नाही."

"परत कर."

कट्.

फेसाने भरलेल्या तोंडाने चॅम्पियन हसला. "उजवा! माझा उजवा आहे हा."

"तुमचाच. दुसऱ्या कुणाचा असा बसणार?"

जावयांच्या हातातला मोबाइल विझला. त्यांनी तो परत लावला नाही.

चॅम्पियन आपणहून हात काढेपर्यंत डावऱ्या तसाच वाकून उभा राहिला. तोवर गालावरचा फेस वाळून गेला होता. त्याने ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला.