पुढे लावलेलं स्टॉपवॉच

मी एक स्टॉपवॉच बोलतोय. आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. कुणाचा अंगठा माझ्या डोक्यावरच्या बटणावर आला की मलाच पळून जावंसं वाटतं. आता बटण दाबलं जाणार, काटा सुटणार आणि समोर कुणीतरी जीव तोडून पळणार. तुम्हाला ती शर्यत वाटते. मला मात्र पळणाऱ्याचा चेहरा दिसतो, कारण पळून झाल्यावर तो सगळ्यात आधी माझ्याकडेच बघतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते पाठीवर कोरलेलं होतं, पण इतक्या हातांनी घासलं गेलंय की मलाही आता वाचता येत नाही. मला कळायला लागलं तेव्हा मी गोपाळकृष्ण मास्तरांच्या गळ्यात होतो. ते एका शाळेत खेळ शिकवायचे. मुलं धापा टाकत यायची, माझ्याकडे बघायची, मास्तर नाकावरचा चष्मा सावरत म्हणायचे, "छान. बैलगाडी याच्यापेक्षा लवकर पोचते." मुलं हिरमुसायची. मास्तर वाईट नव्हते, पुण्याचे होते. पण दरवेळी मीच त्या मुलांना मारलंय असं मला वाटायचं.

निवृत्तीच्या दिवशी हार घालताना मी मास्तरांच्या गळ्यातून निसटलो आणि काच फुटली. बुधवार पेठेतल्या एका बोळात मैनुद्दीनभाईंचं घड्याळ दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं, तिथे त्यांनी मला नेलं. मी बरा झालो, पण मास्तर मला घ्यायला आले तेव्हा काउंटरवर तसाच ठेवून म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडेच. माझ्यासमोर आता कोण पळणार? आमची ही?" आणि गेले. मग मी मैनुद्दीनभाईंचा झालो.

त्या दुकानात मी माणसांची एक गंमत पाहिली. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला आणणारा प्रत्येक जण जाताना सांगायचा, "भाई, जरा दहा मिनिटं पुढे लावून ठेवा." म्हणजे बस चुकत नाही, शाळेला उशीर होत नाही. आता घड्याळ पुढे आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे सगळे मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करतात आणि बस चुकायची ती चुकतेच. तरी पुन्हा पुढे लावतात. मैनुद्दीनभाईंच्या हडपसरच्या घरातलं घड्याळही तसंच पुढे होतं. त्यांच्या मते घरातल्या घड्याळाने माणसाला थोडं ढकलायचंच असतं.

त्यांची मुलगी जुबेदा. कॉलेजात जायची आणि पळायची. कॉलेजात मुलींना पळायला शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून मैनुद्दीनभाईच तिचे गुरू झाले. घराजवळच्या कालव्याच्या काठाने एका पुलापासून पुढच्या पुलापर्यंत आणि परत असा रस्ता त्यांनी स्वतः टेप धरून मोजला होता. सकाळी ती पळायची आणि ते मला हातात घेऊन पुलावर उभे राहायचे. तिला विद्यापीठाच्या संघात यायचं होतं. त्यासाठी किती वेळात पळायला हवं ते तिला पाठ होतं. तो आकडा मी सांगणार नाही, आकड्यांचा मला वीट आलाय.

एका संध्याकाळी दुकान बंद करताना भाईंनी मला उघडलं. माझ्या आत एक बारीक काडी आहे. ती एका बाजूला सरकवली की मी सावकाश चालतो आणि दुसऱ्या बाजूला सरकवली की भरभर. त्यांनी ती भरभरच्या बाजूला सरकवली आणि झाकण लावलं. चेहऱ्यावर मुलीला खाऊ नेणाऱ्या बापाचं हसू होतं. म्हणजे आता जुबेदा जितका वेळ पळेल, त्याहून थोडा जास्तच वेळ मी दाखवणार. ती स्वतःला मागे समजेल आणि अजून जोर लावेल. घरचं घड्याळ पुढे लावावं, तितक्या सहज त्यांनी मला पुढे लावलं.

फरक एवढाच होता की घरचं घड्याळ पुढे आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. माझ्याबद्दल जुबेदाला काहीच माहीत नव्हतं. मी तळमळलो, पण माझा आवाज म्हणजे टिकटिक. ती कितीही घाबरून केली तरी टिकटिकच ऐकू येते.

ते अख्खं वर्ष आठवलं तरी माझी स्प्रिंग आखडते. जुबेदा यायची, माझ्याकडे बघायची आणि तिचं तोंड उतरायचं. "अजून मागेच आहे, अब्बा." भाई म्हणायचे, "होईल बेटा, जरा जोर लाव." ती जोर लावायची. मग दुपारीही पळायला लागली. जेवण अर्धं टाकून उठायची. पळायला निघण्याआधी तिचे हात गार पडलेले असायचे. मला धरायची तेव्हा कळायचं मला. पुढे पुढे ती डाव्या नडगीवर हात दाबून बसायला लागली, अब्बांचं लक्ष नसताना. मी बघत होतो. निवड चाचणी तोंडावर आली असताना ती पुलाच्या अलीकडेच खाली बसली, ती उठलीच नाही. नडगीच्या हाडाला चीर गेली होती.

डॉक्टर म्हणाले, "हाड भरून येईल. पण त्याच जागी पुन्हा गेलं, तर पळणं विसरायचं." हे मी भाईंच्या खिशातून ऐकलं. त्यांनी मला मुठीत घट्ट दाबून धरलं होतं.

त्यानंतर मी दुकानातल्या खणात पडलो. तुटके पट्टे, काचा, मेलेली घड्याळं. मला कुणी किल्ली देईना. खरं सांगतो, मला बरं वाटलं. बंद घड्याळ कुणाला घाबरवत नाही.

पण पाऊस ओसरला, कालव्याकाठचा चिखल वाळला आणि नवा सीझन आला. एके सकाळी भाईंनी मला पुन्हा खिशात टाकलं. पुलावर जुबेदा बूट बांधत होती आणि तिच्या शेजारी शालू उभी होती. कालव्याला लागून तिच्या घरच्यांचा भाजीचा मळा आहे.

भाईंनी मला बाहेर काढलं तशी जुबेदा म्हणाली, "अब्बा, या वेळी घड्याळ नको. डॉक्टर म्हणालेत, बोलता बोलता पळता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की समजायचं, वेग जास्त झाला."

"मग वेळ कशी कळणार?"

"नाही कळणार."

"म्या हाय की बोलायला," शालू म्हणाली. "माझी बडबड ऐकून आमची आई कावलीय. हिलाबी ऐकू दे."

आणि त्या दोघी पळायला लागल्या. पळायला कसलं, जत्रेला निघाल्यासारख्या चालल्या होत्या. शालू वहिनीच्या माहेरची भांडणं सांगत होती. जुबेदा मधेच थांबून पाण्यावरचा निळा खंड्या बघत होती. परत आली तेव्हा तिच्या ओढणीला कुसळं चिकटली होती आणि ती हसत होती. पळून आल्यावर हसणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. "अब्बा, उसाला तुरे आलेत! मागच्या वर्षी मी हे बघितलंच नाही."

रोज असं चाललं. तिचे हात आता गार नसायचे. भूक लागायची, घरी गेल्या गेल्या ती अख्तरबानूंच्या, म्हणजे आईच्या, तव्यावरच्या भाकरीवर हात टाकायची. मी भाईंच्या खिशात बंद असायचो आणि तरीही माझ्या जिवात जीव नसायचा. कारण ती काडी अजून तिथेच होती. भाईंनी ती मागे सरकवली नव्हती. विसरले होते म्हणावं तर नाही. काडी सरकवायची म्हणजे आपण काय केलं ते स्वतःपाशी कबूल करायचं, आणि ते त्यांच्याने होत नसावं.

मग ज्याची भीती होती तेच झालं. एका रविवारी जुबेदा म्हणाली, "अब्बा, निवड जवळ आलीय. आज एकदाच लावा घड्याळ. बघू तरी कुठे आहे मी."

भाईंचा अंगठा माझ्यावर आला. तो थांबला. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी बटण दाबलं.

ती सुंदर पळली. शेवटपर्यंत तिचे खांदे सैल होते. आणि मी खोटं बोललो. बोलावंच लागतं मला, काटा जिथे नेतो तिथेच मी असतो. तिने वाकून माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या महिन्यांचं हसू एका क्षणात गेलं.

"एवढी मागे?" ती हळूच म्हणाली. "म्हणजे सगळं फुकट गेलं. उद्यापासून जोर लावते, अब्बा." आणि नकळत तिचा हात डाव्या नडगीवर गेला.

तो हात भाईंनी पाहिला.

घरी आल्यावर ते ओसरीवर बसले. दुकानातलं बारीक पातं त्यांच्या खिशात असायचंच, त्याने माझं झाकण उघडलं. "जुबेदा, इकडे ये. ही काडी बघ." आणि सगळं सांगितलं. डोळे वर न करता, भराभर. "तू थोडी जास्त मेहनत करशील वाटलं, बेटा. घरचं घड्याळ लावतो तसं लावलं."

अख्तरबानू दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला.

जुबेदा माझ्या उघड्या पोटावर वाकली. मग तिने विचारलं, "म्हणजे मागच्या वर्षी, पाय मोडायच्या आधी... मी पोचले होते?"

"हो."

"केव्हाच?"

"केव्हाच."

तिने बूट घातले, नाड्यासुद्धा नीट बांधल्या नाहीत, आणि पळत सुटली. सकाळची एवढी पळून आलेली पोर, रागाने फाटकातून भरधाव गेली. भाई हाक मारत राहिले. मला वाटलं, संपलं. आता ते हाड पुन्हा जाणार आणि या वेळी कायमचं. भाईंनी मला तसंच उघडं मुठीत धरलं होतं. त्यांच्या तळहाताला घाम सुटला होता, तो माझ्या चाकांत उतरत होता. अख्तरबानू ओरडल्या, "बसलात काय? जा ना मागे!" तेव्हा ते अनवाणीच निघाले.

कालव्याकाठी ती दिसेना. पुलावर नाही. पुढे वळणावरही नाही. भाई पळत होते, ठेचकाळत होते, तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. मी आयुष्यभर इतरांना घाबरून पळताना पाहिलं, घाबरलेल्या माणसाच्या मुठीत बसून पहिल्यांदाच पळत होतो.

मळ्याच्या बांधावर ती बसलेली होती. शालू तिच्या बुटाच्या नाड्या बांधत होती. "सुटलीच होती की ओ वाऱ्यागत," शालू भाईंना म्हणाली. "म्या आडवी गेले. म्हनलं, बोल! बोलून दाखीव! तर हिच्या तोंडातनं शब्द फुटंना. मग गपगुमान थांबली."

"पाय?" भाईंनी विचारलं. त्यांनाही बोलता येत नव्हतं.

"ठीक आहे." जुबेदाने वर पाहिलं. बापाच्या पायातून रक्त येत होतं, शर्ट भिजला होता, ओठ पांढरे पडले होते. "घाबरलात?"

त्यांनी मान डोलावली.

"मला मागचं अख्खं वर्ष असंच वाटत होतं, अब्बा."

भाई तिथेच बांधावर बसले आणि रडले. तिने त्यांना समजावलं नाही, पण उठूनही गेली नाही. त्या संध्याकाळी त्यांनी माझी काडी जागेवर आणली, तिच्यासमोर, तिला भिंगातून दाखवून. तिने बघितलं आणि भिंग परत दिलं. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना म्हणाली, "तुम्हीही चला. उभं नाही राहायचं. पळायचं."

म्हणून आज सकाळी मैनुद्दीनभाई जुने कॅनव्हासचे बूट घालून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कालव्यावर आले. शालूची आई, सोजरबाई, मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. मला कुठे ठेवायचं म्हणून जुबेदाने मला तिच्या हातात दिलं.

"ह्ये कसं चालू करायचं गं?" सोजरबाईने विचारलं.

"चालू नको करू, मावशी. नुसतं सांभाळ."

मी आत्ता सोजरबाईच्या ओच्यात आहे, मेथीच्या वासात. दुरुस्त आहे, पण बंद आहे. निवड चाचणी अजून व्हायचीय. तिथे दुसरी घड्याळं असतील आणि ती काय सांगतील मला माहीत नाही. पाय टिकेल का, तेही नाही. माझी भीती गेलेली नाही, ती माझ्याबरोबरच जाईल. तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातली घड्याळं खुशाल पुढे लावा, पण पळणाऱ्या पोरीला न सांगता लावू नका.

ती तिघं आता उसापलीकडे वळली. दिसत नाहीत. भाईंचं धापा टाकणं ऐकू येतंय, शालूची बडबड ऐकू येतेय, आणि त्यात जुबेदाचा आवाज. काय म्हणतेय कळत नाही, पण बोलतेय. अजून बोलतेय. आता मला आणखी काही विचारू नका, जरा गप्प बसा. मला ऐकू द्या.