तारेवरची तोंडं

आमच्या घरातून ‘बंद’ हा शब्द दोन वर्षांपासून हद्दपार आहे. नवरा दार ‘लावतो’, दिवा ‘मालवतो’, नळ वाहत राहिला तर “अगं, नळाचं बघ” म्हणतो. वीज खात्यातल्या लाइनमनला या शब्दाशिवाय कसं जमतं कोण जाणे. तो हल्ली फक्त साहित्य काढून देतो, फोनला हात लावत नाही. घरी आला की मला पाखरांबद्दल ऐकवतो.

त्याने शोध लावलाय. पाखरं तारेवर विसाव्याला बसतात हा म्हणे अडाण्यांचा समज. ती वीज मोजायला बसतात. वीज जिकडून येते तिकडे सगळी तोंडं करतात. मधूनच तारेवर चोच घासतात, ती चव घ्यायला. निम्मी इकडे आणि निम्मी तिकडे बघत बसली, की तार मेलेली, म्हणजे तिच्यात वीज नाही. साळुंकी सगळ्यात भरवशाची. कबुतर मंद, त्याला दहा मिनिटं उशिरा कळतं. पाच वह्या भरल्यात, नुसत्या तारा, बाण आणि चोची. साहेबांकडे अकरा पानी अर्ज घेऊन गेला, तर त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. मी हसायचे, त्याहून जास्त चिडायचे. पण वहीत डोकं घातलं की मग त्याला झोप लागते, म्हणून गप्प बसायचे.

झोप उडाली ती पैलवान गेल्यापासून. पैलवान त्याचा जोडीदार. अंगाने काडी, म्हणून पैलवान. दोघांची रीत ठरलेली. खालच्याने सबस्टेशनला फोन करायचा, खात्री झाली की “बंद” म्हणायचं. खांबावरच्याने “बंद” असं उलट सांगायचं आणि मगच तारेला हात लावायचा. त्या दिवशी नवरा खाली होता, पैलवान खांबावर, आणि तार जिवंत निघाली. चौकशी झाली, ठपका कुणावरच आला नाही. घरी येऊन तो एवढंच म्हणाला, “पाखरं दोन्हीकडे बघत होती गं.” आठव्या दिवशी पहिली वही आली. त्याआधी या माणसाने पाखराकडे कधी मान वर करून बघितलं नव्हतं. मला तेव्हाच शंका आली होती. विचारलं नाही.

माझा धाकटा भाऊ त्याच खात्यात आहे. आज सकाळी तो नवऱ्याला कामावर न्यायला आला. स्वयंपाकघरात चहा पिता पिता म्हणाला, “ताई, दाजींच्या शास्त्राला नावं ठेवू नकोस हं. काल दाजी रजेवर, फोन लागेना, टेस्टर गाडीत राहिलेला. वर बघितलं तर साळुंक्या निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे. म्हटलं, कोण जातंय परत! चढलो सरळ.”

“गाढवा, त्या पाखरांना काय कळतं?” मी ओरडले.

तो हसला. टेबलाशी बसलेल्या नवऱ्याने मात्र हातातला कप खाली ठेवला. माझ्या गप्प बसण्यानेच भाऊ काल त्या खांबावर चढला होता. आता मला राहवेना.

“खरं सांग,” मी नवऱ्याला म्हटलं. “त्या दिवशी तारेवर पाखरं होती?”

तो टेबलाची कड नखाने खरवडू लागला.

“एकही नव्हतं,” तो म्हणाला. “फोनवर नीट ऐकू येत नव्हतं. मी ऑपरेटरला विचारत होतो, मोठ्याने. पैलवानाला नव्हतं ते. त्याने वरून उलट सांगितलं, आणि मी थांब म्हणेपर्यंत...”

भावाला कुठे बघावं कळेना. तो उगाचच वाकून बुटाची लेस बांधू लागला.

“काय विचारलंस?” मी म्हटलं. “जसं विचारलंस तसंच सांग.”

नवरा उठला. फोन धरावा तसा हात कानाशी नेला, डोळे मिटले, आणि दोन वर्षांनी तो शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडला.

“बंद?”

“बंद,” भाऊ खाली मान घालूनच, सवयीने म्हणाला.

त्याचा हात लेसवरच थांबला. नवरा मटकन खाली बसला आणि पैलवान गेल्यापासून पहिल्यांदाच रडला.