मी आवळलेला हात

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे, ऑपरेशनच्या वेळी दंडावर गुंडाळतात तो. डॉक्टर मला टूर्निकेट म्हणतात. माझ्यात हवा भरली की मी दंड आवळतो, खाली रक्त जायचं थांबतं आणि सर्जनना मोडलेलं हाड स्वच्छ दिसतं. काम झालं की हवा सोडायची.

स्वभावानं मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी मला तीनदा फुगवून पाण्यात बुडवलं होतं, कुठून बुडबुडा येतो का बघायला. त्यांचाच गुण लागला असावा.

या हॉस्पिटलात आल्यापासून मी सगळ्यांवर नजर ठेवून असतो. माझ्याखाली कापूस नीट गुंडाळलाय ना? कातडीला लावलेलं औषध ओघळून त्यात मुरत नाही ना? मुरलं तर कातडी भाजते. हवा भरल्याची वेळ फळ्यावर लिहिली का? दोन तासांपुढे मला आवळून ठेवणं धोक्याचं. भरवसा फक्त मोठ्या सिस्टरांवर, कारण त्याही सहसा कुणावर भरवसा ठेवत नाहीत.

सगळ्यात जास्त संशय मला काट्याचा. माझ्या नळीच्या दुसऱ्या टोकाला तबकडी असते, तिच्यावरचा काटा दाब दाखवतो. एकदा ट्रॉली दाराच्या पट्टीला अडखळली आणि तबकडी खाली आपटली. ट्रॉलीवाल्या मामांनी ती उचलली, पुसली, इकडेतिकडे पाहिलं आणि गुपचूप जागेवर लावली. काटा शून्यावर होता, अगदी साळसूद.

दुसऱ्याच दिवशी कपडे शिवणाऱ्या ताई आल्या. उजव्या हाताचं हाड मोडलेलं.

"डॉक्टर, हात पहिल्यासारखा चालेल ना? माझं पोट याच हातावर आहे."

"चालेल हो. दोन-तीन महिन्यांत मशीनवर बसाल," सर्जन म्हणाले.

हवा भरली. काटा अडीचशेवर थांबला. पण माझी शिवण उसवते की काय असं वाटत होतं. अडीचशेला मी असा कधीच फुगत नाही! ओरडावंसं वाटलं, पण पट्ट्याला तोंड कुठलं? कापूस ठीक, फळ्यावरची वेळ ठीक, सव्वा तासात हवा सोडली. सगळं नियमात बसलं.

भूल पूर्ण उतरली तरी ताईंचं मनगट उचललं जाईना. हात नुसता लोंबत राहिला. दंडातली नस दबली होती. सर्जन तणतणत आले. "पट्टा जुना झालाय. फेकून द्या."

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "थांबा सर. आपण फुगवू तेवढाच तो फुगतो. किती फुगवला, ते आधी बघू."

त्यांनी वॉर्डातून बीपीचं पाऱ्याचं यंत्र आणलं, माझ्या नळीला जोडलं आणि हवा भरली. काटा दीडशेवर आला. पारा मात्र सव्वादोनशेच्या वर गेला होता. मग काटा अडीचशेवर असताना खरा दाब किती झाला असेल!

"मामा, तबकडी पडली होती का?"

मामांनी मान खाली घातली. "नोकरी जाईल म्हणून बोललो नाही, सिस्टर."

"आणि ऑपरेशनआधी मीही तपासली नाही," सिस्टर हळूच म्हणाल्या. सर्जन ताईंना खरं काय ते सांगायला स्वतः वॉर्डात गेले.

ती तबकडी बाद झाली. आता रोज सकाळी सिस्टर नव्या काट्याची पाऱ्याशी गाठ घालतात. चार महिन्यांनी त्यांनीच एकदा सांगितलं, ताईंनी सुई ओवली. तीनदा हुकली, चौथ्यांदा ओवली. मला फार बरं वाटलं. पण मन खात राहतं. काटा खोटं बोलला, मामा गप्प बसले, हे खरं. तरी तो दंड आवळला मीच.

आता माझी पकड सैल झालीय. उद्या टाकलंत तरी तक्रार नाही. फक्त तुमच्या दंडाला कुणी माझा भाऊबंद बांधायला लागलं, तर भूल चढायच्या आत विचारा, "आज काटा तपासला का?" माणसं चांगली आहेत म्हणून गप्प राहू नका. मामाही चांगलेच होते. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर हात मागे घ्या.