काचेपलीकडचं दूध

उबेच्या खोलीचे नियम डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहून दारावर लावले होते. सर्दी झालेल्या कुणीही आत यायचं नाही, हा पहिलाच नियम. आणि आता डॉक्टरांचंच नाक गळत होतं. मोठ्या सिस्टरने त्यांना दारातच अडवलं. मनातून ती खूशही झाली. वर्षभर या माणसाने तिला दिवसातून वीसदा हात धुवायला लावले होते.

पण आजचा दिवस साधा नव्हता. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं आजवर कापसात गुंडाळून कोपऱ्यात ठेवली जायची आणि सगळे नजर चुकवायचे. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी अख्खी खोली मागितली, गरम पाण्याच्या डब्यांनी ती ऊबदार ठेवली, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. त्यात त्यांचे सासरे सर्वांत पुढे. सासरे रुग्णालयाचे अध्यक्ष होते आणि खोली आज बंद करायचीच, असं ठरवून ते कारकुनाला घेऊन आले होते.

"बाजूला व्हा, बाई," अध्यक्ष म्हणाले आणि सणसणीत शिंकले.

"तुम्हालाही सर्दी झालीये."

"जावईबापूंची कृपा. रविवारी शेजारी जेवायला बसले होते."

"मग खिडकीतून बघा."

"मी कोण आहे ठाऊक आहे ना?"

"आहे ना. म्हणून तर इतक्या गोडीने सांगतेय."

डॉक्टर काकुळतीला आले. "सिस्टर, दोन मिनिटं सोडा त्यांना. खोलीचा प्रश्न आहे."

"नियम तुमचाच आहे," असं म्हणून तिने आतून दार लावून घेतलं. आपल्या हट्टापायी खोली गेली, तर ही चार बाळं जाणार कुठे? तिला रडू येत होतं. पण मूठभरच्या दुधाची वेळ झाली होती.

मूठभर हे सर्वांत लहान बाळ. त्याला ड्रॉपरने थेंबथेंब दूध पाजायला पाऊण तास लागायचा. खिडकीच्या काचेला बाहेरून दोन लाल नाकं चिकटली. अध्यक्षांनी आधी घड्याळ पाहिलं, मग जांभई दिली, मग ते थेंब मोजू लागले.

एकविसाव्या थेंबाला मूठभर श्वास घ्यायचंच विसरलं. ओठ निळे पडले. सिस्टरने तळपायावर टिचकी मारली. काहीच नाही. दुसरी मारली.

"अहो, जरा जोरात मारा!" अध्यक्ष काचेवर थापा मारत ओरडले.

तिसऱ्या टिचकीला मूठभरने कुरकुर केली आणि ते पुन्हा गुलाबी झालं. अध्यक्षांनी जावयाचा दंड इतका घट्ट धरला होता की डॉक्टर कळवळले.

"हे असं नेहमी होतं?"

"रोज दोनतीनदा."

अध्यक्षांनी डोळे पुसले, सर्दीला नावं ठेवली आणि खुर्ची मागवली. एकच. डॉक्टर उभेच राहिले.

"साहेब, खोली बंद करायचं लिहून घेऊ ना?" कारकुनाने विचारलं.

"अरे, आधी त्याचं दूध तर संपू दे."

मूठभरला दर दोन तासांनी दूध लागायचं आणि ते अजून दोन महिने तरी चालणार होतं. सासऱ्यांना हे सांगायची डॉक्टरांनी मुळीच घाई केली नाही.