मागच्या सीटचा पट्टा

माझं तोंड बघितलं की लोक आपलं आपण ठरवून मोकळे होतात. एकवीस वर्षं शारजात टॅक्सी चालवतोय. सुदानी बसला की दार लावायच्या आधी अरबीत घरची खुशाली विचारतो. नायजेरियन 'माय ब्रदर' करून पाठीत थाप घालतो. कुणाकुणाला सांगत बसणार? मी वासिफ सिद्दी, मुरूडजवळच्या राजपुरीचा. आमचे वाडवडील कधीकाळी आफ्रिकेतून जहाजानं आले, जंजिऱ्याच्या चाकरीत राहिले. रंग नि केस तेवढे तिकडचे उरले. बाकी हाफिजा, म्हणजे आमची बायको, फोनवर मला झापते ती मराठीतच.

मराठी माणूस गाडीत बसला की मला भारी मजा यायची. तो बिनधास्त बोलायचा, मी गप. हुकमाचा पत्ता उतरताना टाकायचा, हा आपला खेळ. एकदा एक जोडपं अजमानपर्यंत सासूवरून भांडलं. नवरा म्हणाला, "अगं हळू." ती म्हणाली, "या हबश्याला काय कळतंय?" उतरल्यावर मी काच खाली केली. "वहिनी, सासूबाईंच्या औषधाची पिशवी राहिली. आणि जाऊ द्या हो, म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घेता?" नवरा रस्त्यात पोट धरून बसला. वहिनींनी लाजत दोन बेसनाचे लाडू दिले. हबशी म्हणाली ते लाडवाबरोबर गिळलं. असंच गिळायचं असतं.

मागच्या फेब्रुवारीत, दुपारी अडीचला, रोल्याच्या चौकाजवळ एकानं हात केला. चाळिशीतला, इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही.

"खोर फक्कान. बीच."

डोंगरापलीकडचा समुद्र, लांबचं भाडं. मी खूश. जरा पुढं गेल्यावर त्यानं फोन स्पीकरवर टाकला. पलीकडं बाई.

"प्रसन्ना, कुठं आहेस? गाडीचा आवाज येतोय."

"टॅक्सीत, विभाताई. बोल, ड्रायव्हर आफ्रिकन आहे."

झालं, मी मनात म्हणलं, गिऱ्हाईक मराठी. आज पत्ता समुद्रावर टाकायचा.

बोलण्यावरून कळलं ते असं. त्याची बायको लतिका दिवाळीत वारली. पोरगी पर्णिका गावी या बहिणीकडं. आणि तो बहिणीला एकेक सांगत होता. "पर्णिकाच्या दाखल्याची झेरॉक्स निळ्या पिशवीत आहे. तिला झोपताना दिवा लागतो, बंद करू नकोस. लतिकाची मोरपंखी साडी कुणाला देऊ नको, तिलाच ठेव."

"अरे, आजच का सगळं सांगतोयस?"

"लक्षात आहे तोवर सांगतो गं."

फोन ठेवला. तेवढ्यात मागच्या पट्ट्याची बीप सुरू झाली, त्यानं पट्टा काढला होता. मी आरशात बघितलं. तो डोंगराकडं बघत रडत होता, आवाज न करता. बोगदा आला, काळोख झाला, आणि बीप, बीप, बीप.

मला कळलं होतं. नाही कळलं असं म्हणणार नाही. सामान नाही, परतीची गाडी विचारलेली नाही, आणि माणूस निरवानिरव करतोय. तोंडाशी आलं होतं, दादा, पट्टा लावा. पण खेळ नडला बघा. इतका वेळ चोरून ऐकल्यावर कुठल्या तोंडानं सांगायचं, की मी पण तुमच्यातलाच? आत एक फुणफुणही होती. आफ्रिकन ना मी? मग राहतो आफ्रिकन.

समुद्रावर उतरला. दोनशे दिरहमची नोट दिली, आपले साडेचार हजार. "कीप इट, माय फ्रेंड," म्हणाला.

मी अरबीतच आभार मानले, "शुक्रन."

तेवढंच.

पहिल्या बोगद्याशी आलो नि ठरवलं, मागं फिरायचं. वळायला जागा लांब. परत पोचेपर्यंत अर्धा तास गेला. किनाऱ्यावर पोरं फुटबॉल खेळत होती. तो नव्हता. कॅफेटेरियातल्या मलबाऱ्याला हिंदीत विचारलं, "एक आदमी देखा? अकेला? हमारा आदमी है."

त्यानं मला वरखाली न्याहाळलं. "सुदानी? नहीं भाई, इधर कोई सुदानी नहीं आया."

मी म्हणलं, "सुदानी नहीं, इंडियन, मराठी!" तो चहा ढवळत हसला. थट्टा वाटली त्याला.

पोलिसाला सांगितलं. त्यानं लिहून घेतलं, अंधार पडेपर्यंत किनारा बघितला. काही मिळालं नाही. नंतर कुठं बुडाल्याची बातमी नाही, घरी पोचल्याचीही नाही. नुसता प्रसन्न. आडनाव नाही, गाव नाही. हाफिजा म्हणते, "जिवंत असंल ओ, बसला असंल पोरीपाशी." असंल.

पण त्या महिन्यापासून गाडी रिकामी असली तरी मागची बीप वाजते. लियाकत मेकॅनिक म्हणाला, सेन्सर गेला. नवीन घातला. यल्ला, खलास, म्हणाला. शारजात वाजत नाही आता. डोंगराकडं निघालो की वाजते. बोगद्यात तर हटकून.

खेळ मी बंद केला. आता कुणीही बसो, आधी मराठीत विचारतो, "बसा, कुठं जायचं?" फिलिपिनो घाबरतात. अरब हसतात. मराठी माणूस दचकतो, मग विचारतो, "अरे, तू मराठी कुठं शिकलास?" मी म्हणतो, आईच्या मांडीवर. त्याला खोटं वाटतं. वाटू दे. निदान त्याला कळतं, इथं ऐकणारा बसलाय.

गेल्या शुक्रवारी खोर फक्कानहून रिकामा परतत होतो. बोगदा आला, बीप लागली. आरशात बघायचं धाडस नाही आपल्यात. समोर बघूनच म्हणलं, "प्रसन्नदादा, पट्टा लावा. पोरगी दिवा लावून बसली असंल."

बीप थांबली.

बोगदा संपेपर्यंत मी बोलत राहिलो. राजपुरीचं, हाफिजाचं, लाडवाचं, जे सुचेल ते. बाहेर उजेडात आल्यावर गप्प झालो, आणि बीप पुन्हा सुरू झाली.