सात मिनिटं बाकी असताना

“मॅडम, मी ओके आहे. बघा, उभी राहते बघा,” असं म्हणत गंधाली उठायला गेली आणि जया परबने तिच्या खांद्यावर हात दाबून तिला परत बाकावर बसवलं.

“बसून राहा.”

“मुरगळलाय फक्त. स्प्रे मारा ना, दोन मिनिटांत जाते आत.”

“बसून राहा म्हटलं ना गंधाली.”

अंधेरीच्या त्या कोर्टावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला मुलींचा अंतिम सामना चालला होता. सात मिनिटं बाकी होती आणि जयाचं घाटकोपरचं कॉलेज पाच गुणांनी पुढे होतं. संघाच्या अठ्ठेचाळीस गुणांपैकी एकवीस एकट्या गंधालीचे होते. रिंगला लागून परतणाऱ्या चेंडूसाठी तिने उडी मारली, खाली येताना दुसऱ्या मुलीच्या बुटावर तिचा पाय पडला आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. ती स्वतःच उठली, लंगडत बाकापर्यंत आली. स्पर्धेच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून, हलवून पाहिला.

“सूज तर दिसत नाहीये. पण आत्ता काही सांगता येणार नाही, एमआरआय करावा लागेल,” ते म्हणाले. “खेळवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मॅडम.”

जयाने ठरवलं. तिने बाकावरच्या दुसऱ्या मुलीला आत पाठवलं.

समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर विद्यापीठाच्या संघाचे निवडकर्ते बसले होते. गंधालीची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जात होती. पायऱ्यांवरून श्यामसुंदर सर तरातरा खाली उतरले. हे कॉलेजच्या क्रीडा समितीचे अध्यक्ष. एरवी सामन्यांना फिरकत नसत, पण आज बक्षीस समारंभ होता.

“परब मॅडम, मुलगी स्वतः म्हणतेय खेळते म्हणून. डॉक्टर नाही म्हणालेले नाहीत. तुम्ही कशाला अडून बसलाय?”

“सर, गुडघा आहे.”

“तेरा वर्षांनी कप येतोय आपल्याकडे!”

“माहीत आहे मला,” जया म्हणाली. “मागचा मीच आणला होता.”

तो कप कसा आला होता हे आता कॉलेजात तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

जयाचे वडील लालबागच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसं त्यांचं बिऱ्हाड भांडुपला आलं. जया वयाच्या मानाने उंच, म्हणून शाळेतल्या बाईंनी तिला बास्केटबॉलला उभं केलं. ज्युनिअर गटात ती दोनदा राज्याकडून खेळली. पंचविसाव्या वर्षी या कॉलेजात मुलींच्या संघाची प्रशिक्षक म्हणून लागली, अकरा महिन्यांच्या करारावर. दरवर्षी नवा करार. दोन-तीन वर्षांत कायम करतील असं सगळेच म्हणत होते. पहिल्या वर्षी सातच मुली आल्या, त्यातल्या दोघी ओढणी कमरेला बांधून खेळायच्या. जया त्यांच्या घरी जाऊन आयांना समजावायची, संध्याकाळी उशीर झाला तर मुलींना दारापर्यंत सोडायची. तिच्या टी-शर्टच्या पाठीवर ‘हेड कोच’ असं छापलेलं होतं. कॉलेजच्या कागदोपत्री असं काही पद नव्हतं.

तेरा वर्षांपूर्वी तेव्हाच्या प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. “मॅडम, यंदा कप आणा. तुम्हाला कायम करायचा प्रस्ताव मी स्वतः पाठवतो. शब्द देतो.”

त्या वर्षी संघात श्रुतिका होती. असल्फाच्या टेकडीवर राहणारी, अठरा वर्षांची. जयाने इतक्या मुलींना शिकवलं, पण चेंडू हातात येण्याआधीच पुढचं सगळं दिसणारी अशी मुलगी तिने दुसरी पाहिली नाही. पंधरा दिवसांनी श्रुतिकाची रेल्वेच्या संघासाठी चाचणी होती. निवड झाली असती तर नोकरी होती. उपांत्य सामन्यात तिचा गुडघा दुखावला. दुसऱ्या दिवशी फायनलच्या आधी जयाने स्वतःच्या हाताने त्यावर क्रेप बँडेज गुंडाळलं.

“खेळशील ना?” तिने विचारलं होतं.

“हो मॅडम.”

उत्तर काय येणार हे विचारायच्या आधीच जयाला ठाऊक होतं. ठाऊक होतं, म्हणूनच तिने विचारलं.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये श्रुतिका उडी मारून खाली आली आणि तिथेच बसली. तिला स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा संघ नऊ गुणांनी पुढे होता. चार गुणांनी जिंकला. कपासोबतच्या फोटोत सगळ्या मुली आहेत, श्रुतिका नाही. गुडघ्यातलं लिगामेंट पूर्ण तुटलं होतं. रेल्वेची चाचणी गेली, मग खेळही गेला. जया दोनदा तिच्या घरी जाऊन आली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा श्रुतिकाचे वडील दारातच उभे राहिले.

“मॅडम, परत नका येऊ. पोरगी तुमच्यासमोर हसते. मग चार दिवस जेवत नाही.”

प्रस्ताव गेला आणि परतही आला. पुढे जागा निघाली ती शारीरिक शिक्षणात डॉक्टरेट केलेल्या एका गृहस्थांना मिळाली. ते क्रीडा विभागाच्या खोलीत बसून संघांच्या याद्यांवर सह्या करत. जया मैदानात राहिली, करारावर.

“वीस सेकंद, मॅडम!” बाकावरची एक मुलगी ओरडली.

गंधालीविना संघ एका गुणाने मागे पडला होता. शेवटचा थ्रो रिंगला लागून बाहेर आला. शिट्टी वाजली. पलीकडच्या मुली एकमेकींच्या अंगावर पडून किंचाळायला लागल्या. श्यामसुंदर सर बक्षीस समारंभाला न थांबता गाडीत जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी एमआरआयचा रिपोर्ट आला. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. साधी मुरगळ, आठवडाभर बर्फाने शेकायला सांगितलं होतं.

रिपोर्ट घेऊन गंधाली आणि तिचे वडील नंदकिशोर कॉलेजात आले. मुलुंडला राहणारे, विमा कंपनीत अधिकारी, आवाज न चढवता बोलणारे गृहस्थ.

“मॅडम, तुमचा हेतू चांगला असेल, मी नाही म्हणत नाही,” ते म्हणाले. “पण विद्यापीठाच्या यादीत हिचं नाव नाही. शेवटची सात मिनिटं ही बाकावर होती, तेवढंच त्यांनी पाहिलं. हे तिचं शेवटचं वर्ष आहे.”

“सर, त्या क्षणी कुणालाच...”

“मला का नाही विचारलंत?” गंधाली मध्येच बोलली. तिचे डोळे लाल होते. “माझा गुडघा होता ना? निदान विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस.”

“मग?”

श्रुतिकाचं सांगावं असं एकदा जयाच्या मनात आलं. पण ते आता तोंडातून निघालं असतं तर सबबीसारखं वाटलं असतं, आणि श्रुतिकाचा गुडघा पुन्हा एकदा स्वतःच्या कामासाठी वापरल्यासारखं झालं असतं. तिने रिपोर्ट घडी करून पाकिटात घातला. गंधालीने रिपोर्टचं पाकीट टेबलावरून उचललं आणि वडिलांच्या आधी बाहेर निघून गेली. ती अजिबात लंगडत नव्हती.

मार्चमध्ये श्यामसुंदर सरांनी जयाला बोलावून घेतलं. चहा मागवला.

“पुढच्या वर्षी आम्ही जरा वेगळा विचार करतोय. एका अकॅडमीशी बोलणं चाललंय, त्यांचेच कोच येतील. तुमची सव्वीस वर्षं आम्ही विसरणार नाही, मॅडम.”

“त्या दिवसामुळे का, सर?”

“छे छे. तसं काही नाही.” त्यांनी तिच्याकडे न बघता कप बशीत ठेवला. “पण खरं सांगू? मुलीला काही झालंच नव्हतं. तुम्ही घाबरलात. आणि घाबरणारा कोच... जाऊ दे. चहा घ्या ना.”

जयाने चहा घेतला. वाद घालायला काही उरलं नव्हतं. ती घाबरलीच होती, यात खोटं काय होतं?

करारावरच्या माणसांचा निरोप समारंभ होत नाही. तिने साहित्याच्या खोलीच्या किल्ल्या शिपायाकडे दिल्या, चेंडू मोजून वहीत सही केली. कोर्टावर नव्या अकॅडमीचा तरुण कोच आधीच शिट्टी गळ्यात अडकवून हिंडत होता. तिच्याच मुली रांगेत उभ्या होत्या. दोघींनी हात केला. तिसरी करायला गेली, पण कोचने हाक मारली तशी वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जया घरीच राहिली. तिची आई, नलिनी, ऐंशीची. मुंबईत आयुष्य गेलं तरी तिची मालवणी सुटली नव्हती आणि कॉलेजला ती शाळाच म्हणायची.

“गो जया, आज शाळेत जावचा नाय तुका?”

“सुट्टी आहे गं आई.”

“खेळाक कसली गे सुट्टी?”

जयाने भाजी चिरायला घेतली.

दुपारी फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता, पण आवाज तिने पहिल्या शब्दाला ओळखला.

“मॅडम, श्रुतिका बोलतेय.”

तेरा वर्षांत पहिल्यांदाच तिचा फोन आला होता. श्रुतिका आता घाटकोपरलाच चष्म्याच्या दुकानात कामाला होती, एवढं तिला इतरांकडून कळलेलं होतं. दिवसभर उभं राहायचं काम.

“आपल्या जुन्या मुलींच्या ग्रुपवर वाचलं. काढलं म्हणे तुम्हाला. त्या पोरीला बसवलं म्हणून.”

“हो.”

“तिला काही झालं नव्हतं म्हणे.”

“नव्हतं.”

पलीकडे दुकानातलं बोलणं ऐकू येत होतं, कुणीतरी फ्रेमचा रंग विचारत होतं.

“बरं केलंत तुम्ही,” श्रुतिका म्हणाली. मग जरा थांबून, अगदी साध्या आवाजात, “मला नाही बसवलंत.”

“श्रुतिका...”

“मी चिडून नाही बोलत, मॅडम. चिडायचं कधीच संपलं. फक्त वाचलं तेव्हा वाटलं की सांगावं. ठेवते आता, गिऱ्हाईक आलंय.”

फोन बंद झाला. तो नंबर जयाने नाव घालून ठेवला. फिरून लावला मात्र नाही.

एप्रिलमध्ये पवईच्या एका मोठ्या सोसायटीत मुलांचं उन्हाळी शिबिर मिळालं. फाटकावर सहदेव नावाचा वॉचमन होता. त्याने फोनवरच्या नोंदणीच्या अ‍ॅपमध्ये तिचा फोटो काढला आणि विचारलं, “काम काय मॅडम?”

“कोच. बास्केटबॉलची.”

त्याने स्क्रीनवर बोट वरखाली फिरवलं. “मेड हाय, ड्रायव्हर हाय, डिलिव्हरी हाय... कोच नाय हो यात. ‘इतर’ टाकू?”

“टाका.”

सोसायटीचं कोर्ट तळ्याच्या बाजूला होतं. आठ-नऊ वर्षांची अकरा मुलं होती. पहिले तीन दिवस जयाने चेंडू पिशवीतून बाहेरच काढला नाही. बुटक्या पायरीवरून उडी मारायची, दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे वाकवायचे, एवढंच. चौथ्या दिवशी एक आई चहाचा मग हातात घेऊन कोर्टाच्या कडेला आली.

“टीचर, रोज नुसत्या उड्याच चालल्यात. घरी येऊन रडतात मुलं. बास्केट कधी शिकवणार?”

“शिकवते. आधी खाली उतरायला शिकू देत.”

“म्हणजे अजून किती दिवस? नाही, शिबिर पंधराच दिवसांचं आहे ना, म्हणून विचारलं.”

“मला सांगता येणार नाही,” जया म्हणाली.

त्या बाई फोन काढत निघून गेल्या. कमिटीकडे जाणार हे दिसतच होतं. जया मुलांकडे वळली. रांगेतल्या एका बारीक मुलीने उडी मारली आणि काठीसारखे ताठ पाय घेऊन ती सिमेंटवर उतरली. जया तिच्यासमोर खाली बसली. तिचे दोन्ही गुडघे तळहातांत धरून हळूच वाकवले, आणि तसेच क्षणभर धरून ठेवले.

“असं. कळलं?”

मुलीने मान हलवली आणि ती पुन्हा पायरीवर चढली.